दयारामची चौकट

६ जानेवारी २०१४
लागली एकदाची नोकरी! ऑफिस पनवेलमध्येच, घरापासून चालत जाण्याइतकं. आई खूश, कारण शुक्रवारी संध्याकाळी आम्हा ज्यूंचा शब्बाथचा दिवा लागायच्या आत मी घरी पोचणार. मालक कृष्णकांतसर कळंबोलीच्या ट्रकवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. माझं काम मजेचं आहे. प्रोग्राम लिहून झाला की तो जोडणं, तपासणं, मंजूर करणं, गिऱ्हाइकाला पाठवणं, अशा एकेका टप्प्याची पडद्यावर चौकट काढायची आणि चौकटी बाणांनी जोडायच्या. मग सगळं आपोआप चालतं. टप्पा पार पडला की चौकट हिरवी. रांगोळीचे ठिपके जोडायचा पगार मिळणार म्हणायचा! शेजारी किशोरी बसते. तिनं पहिल्याच दिवशी अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला.

९ जानेवारी
प्रत्येक चौकटीवर ती सांभाळणाऱ्याचं नाव असतं, आणि मंजुरी तर माणसानंच द्यायची. त्या चौकटीवर ‘दयाराम’ असं नाव आहे. हे कोण, विचारलं तर किशोरी म्हणाली, होते, गेले. नोकरी सोडून, असं मी समजले. पण चौकट रोज हिरवी होते आणि वर शेरेही येतात: ‘ह्या बराबर नाय.’ ‘आता बराबर हाय.’ कॉम्प्युटरला कोळीवाड्याचं वारं लागलंय, असं म्हणून मी हसले. किशोरी हसली नाही. मला दाट संशय आहे, दयारामचा पासवर्ड वापरून हीच बया काम उरकते.

१४ जानेवारी
किशोरी रजेवर, तरी चौकट हिरवी झाली. म्हणजे सरच! पण सर माझ्यासमोर बसून तिळाचा लाडू फोडत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, आपोआप चालतंय ना, मग कशाला खाजवून खरूज काढतेस. डोळ्याला डोळा मात्र दिला नाही.

१७ जानेवारी
निघताना आपल्या नावाखाली दोन बटणं दिसतात. सरांनी हौसेनं मराठी केलीत: परत यायचं असेल तर ‘येतो’, नोकरी कायमची सोडायची तर ‘जातो’. बाईमाणसाला ‘येते’, ‘जाते’. पण घरी निघताना ‘जातो’ म्हणेल कोण? आईनं तर थोबाडच फोडलं असतं. दयारामनंही शेवटच्या दिवशी ‘येतो’च दाबलं म्हणे. कॉम्प्युटर बापडा अजून वाट बघतोय, असं मी किशोरीला गमतीनं म्हटलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, त्याच संध्याकाळी उरण रस्त्यावर ते ट्रेलरखाली सापडले.

२२ जानेवारी
उरणला जाऊन आले. दयारामची बायको रंभा बाजारात मासे विकते. ऑफिसचं नाव ऐकताच तिनं कोयता खाली ठेवला. म्हणाली, रोज सपनात दिसतो, लय दमलेला. काम सरत नाय बोलतो. आमी सगले विधी केले, तरी सुटला नाय. तुमी त्याला सोडवा. मला तिथंच रडू फुटलं. सोडवते, असं कबूल करून आले.

२७ जानेवारी
चौकट पुसता येत नाही. दयारामच्या नावाखालचं ‘जातो’ कुणीतरी दाबायलाच हवं. सर साफ नाही म्हणाले. तो गेला तर मंजुरीला दुसरं माणूस बसवावं लागेल म्हणे. म्हणजे यांना पहिल्यापासून माहीत होतं! चीड आली. आणि ‘शेरॉन’ अशी माझ्या नावाची चौकट आज त्याच्या चौकटीला खेटून आहे. मी हलवलेली नाही. किशोरी शपथेवर सांगते, तिनंही नाही.

३० जानेवारी
नवा शेरा. ‘पोरी, तू हात लावू नको.’ सरांचीच चाल. मला भिववतायत. दुसरं कोण असणार—

३१ जानेवारी, शुक्रवार
आई न्यायला आलीय, खाली उभी आहे. सर बाहेर गेलेत. दाबलं. ‘जातो’.

नाव पुसलं गेलं. सुटला!

पण चौकट तिथंच. आत माझं नाव— खाली बटण दाबलेलं. ‘जाते’.

मी ‘जातो’ दाबलं होतं. त्याच्या नावाखाली. ‘जातो’—

किशोरीला हाक मारली. ऐकत नाही. माझ्या खुर्चीवर पर्स ठेवली तिनं. मी बसलेय, तरी—

आई, वर बघ ना. वर—

किशोरी खिडकीतून तिला ओरडून सांगतेय, शेरॉन ना, ती तर केव्हाच गे—