होकाराची घंटा

३ नोव्हेंबर, मंगळवार

आलो एकदाचा! बंद स्टेशन राहायला घेणारा वेडा कोण, हे बघायला निम्मं गाव जमलं. त्यांनाच सामान उतरवायला लावलं. तिकीटखिडकीपाशी स्वयंपाकघर, मास्तरच्या खोलीत माझी कॉट. रूळ उखडून वीस वर्षं झाली. फलाटासमोर नुसती खडी आणि गवत. घराचा रस्ता ती खडी ओलांडूनच येतो. तिथल्या फाटकाचे दोन खांब तेवढे उरलेत.

मोटारी नुसत्या आवाजावरून दुरुस्त करत मी वर्कशॉप उभं केलं. आता कानांना काम नाही. रविवारी लेक नातवाला घेऊन येतेय. तिची आई आजारी असताना मी वर्कशॉपमधून उठलो नाही, म्हणून चार वर्षं बोलली नव्हती. नातू मी फक्त फोटोत पाहिलाय.

५ नोव्हेंबर, गुरुवार

इथला जुना सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलून देणारा, चहाला आला. म्हातारा मिश्कील. या स्टेशनावर उतरून घरी न जाणारा पहिलाच प्रवासी तुम्ही, म्हणाला.

भिंतीवरच्या पितळी यंत्राचं विचारलं. लाइन एकच, म्हणून पलीकडचं स्टेशन घंटा देऊन विचारायचं, गाडी सोडू का? इथला खटका एकदा दाबला की होकार, गाडी सुटली. शेवटच्या मास्तरनं फाटक न बघताच होकार दिला. फाटकात मोटार बंद पडलेली. आत बाई आणि मूल. मग स्टेशनच बंद झालं.

गाडी अडवता आली नसती का, मी विचारलं. खटका दाबून धरला असता तर जागीच थांबली असती, म्हणाला. मास्तरला सुचलं नाही. चहा अर्धा टाकून उठला.

७ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी सव्वाचारला ती घंटा वाजली. तारा तुटून लोंबतायत, मी स्वतः पाहिल्यात. उंदीर म्हणावा, तर उंदीर इतका शिस्तीत वाजवत नाही. थांबून थांबून, विचारल्यासारखी.

कुणी हाक मारली की ओ द्यायची, माझा सगळा धंदा त्यावर चालला. शिवाय दोन दिवसांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. दाबला खटका. घंटा गप्प झाली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळपासून खडीतून घरघर येतेय. फार लांबून. फार हळू.

८ नोव्हेंबर, रविवार. सकाळ

जवळ आलीय. डिझेल इंजिन, एक सिलिंडर अडखळतोय. या वेगानं चारपर्यंत पोचेल. लेकही चारलाच येणार. तिचा फोन लागत नाही. निघाली असणार.

दुपार

खटका दाबून धरला — थांबली. हात बदलताना निसटला — पुढे सरकली. दोरीनं बांधून पाहिला, तरी चालू लागली. माणसाचाच हात लागतो.

चार

डावा हात खटक्यावर. उजव्यानं लिहितोय, लेकीसाठी.

तिची गाडी आली. खांबांच्या मधे — बंद पडली. स्टार्टर मारतेय. प्लगची तार सुटली असेल. दोन मिनिटांचं काम माझं.

ओरडतोय, उतरा, लांब व्हा. काचा बंद. ऐकू जात नाही.

हॉर्न देतेय. पुन्हा. तिला वाटतंय, बाबा याही वेळी उठत नाहीत —

बोटं बधिर. बाळ, मी येत नाही म्हणजे मला तुझी —