नात पाचू आणि तिच्या आजीची अंगठी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंद्याने रत्नपारखी, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहीत आहे. शुद्धीचा दाखला सोबत आहे. डॉक्टरांनी मला न तपासताच तो दिला, असा माझा संशय आहे.

१. राहते घर मुलाला. माळ्यावरच्या पेट्या त्याने एकट्याने उघडाव्यात. त्याच्या मेहुण्याला तेव्हा बोलावू नये.

२. काटा, चिमटे आणि भिंग दुकानात माझ्या जागी बसलेल्या पारख्याला. माणूस चांगला आहे. पण भिंग 'जरा बघतो' म्हणून दोनदा नेले आणि दोन्ही वेळा मागून घ्यावे लागले. त्यापेक्षा देऊनच टाकतो.

३. माझ्या दिवंगत पत्नीची पाचूची अंगठी कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबरच जाऊ द्यावी. कारण लग्नात मी तिला पाचू म्हणून दिली ती काच आहे. पारखी असून मी स्वतःच्याच बायकोला फसवले, हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. चार महिन्यांपूर्वी नात झाली आणि सुनेने तिचे नाव ठेवले पाचू. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. "छोटंसं नाव आहे, बाबा. हिरवंगार. आणि हाक मारताना शेवटी ओठांचा आपोआप पापा होतो," ती म्हणाली. इतके गोड बोलणारे कोणी काही घेतल्याशिवाय उठत नाही, हे मी दुकानात पाहिले आहे. डोळा अंगठीवर! उद्या कोणीतरी ती तपासणार आणि मेल्यावर माझी अब्रू जाणार.

४. वरचे कलम कालचे. ते रद्द. आज सकाळी सुनेला सरळ विचारले, "अंगठी मिळावी म्हणून हे नाव ठेवलंस ना?"

"बाबा, ती काच आहे हे आईंनी मला केव्हाच सांगितलं होतं. तुमच्या लग्नाच्या महिन्यातच त्यांनी गालाला लावून पाहिली. खरा खडा गार राहतो, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगायचात ना?"

"मग जन्मभर घातली कशाला?"

"त्या म्हणायच्या, दर रविवारी हे माझ्या बोटातली अंगठी काढतात, तासभर पुसत बसतात आणि स्वतः परत घालतात. खऱ्या पाचूवाल्या किती जणींच्या नशिबी हे असतं? म्हणून पाचू."

मी पुसत होतो ते भीतीने. काचेवर चरे लवकर पडतात, ते कोणाला दिसू नयेत म्हणून घासून घालवत होतो. हे तिला कळले होते का, ते आता कोणाला विचारू? मला फार लाज वाटते, आणि तिची फार आठवण येते.

अंगठी पाचूला द्यावी. काच आहे हे आधी सांगावे. खड्यावर तिच्या आजीच्या शेवटच्या आठवड्यातले चरे आहेत, ते घालवू नयेत.

साक्षीदार: समोरचे शिंपी, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. दोघांनाही यातून काही मिळत नाही, म्हणूनच निवडले.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: चौदा, नात चार महिन्यांची

(सही) पाचूचे आजोबा