सुंबरलारसच्या रीतीने केलेली वाटणी

मी, नीरजा विश्राम टिळेकर, वय बहात्तर, निवृत्त प्राध्यापिका, राहणार गुंगालिन, कॅनबेरा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या मनाने, कोणाच्याही दडपणावाचून लिहून ठेवत आहे. गुडघे कुरकुरतात, डोके शाबूत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलबाई याचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडणार आहेत. मृत्युपत्रात कारणे लिहायची गरज नसते, असे त्यांनी मला बजावले. परंतु माणसे आपली मालमत्ता कोणाला देतात, यापेक्षा ती का देतात, याचेच मला आयुष्यभर कुतूहल वाटत आले. पगारही मला त्याचाच मिळाला. तेव्हा कारणे राहू द्यावीत.

कलम १. तरुणपणी मी पुण्याहून कॅनबेराला पीएचडीसाठी आले आणि तिथून मध्य जावातल्या सुंबरलारस नावाच्या लहानशा गावात राहायला गेले. गावात भातखाचरे, नारळ आणि सागवानी घरे होती. वारसाहक्काच्या रीती समजून घेणे हे माझे काम. मी बू सुतिना यांच्या घरी राहत असे. बू म्हणजे आई किंवा बाई. त्या विधवा होत्या. थोरला मुलगा तुगिमान शहरात कामाला आणि मुलगी वार्नी त्यांच्याजवळ.

त्या गावात जमीन एकाची, तिच्यावरचे नारळाचे झाड दुसऱ्याचे असू शकते, हे पाहून मी चक्रावले होते. घरही जमिनीपासून वेगळे. खिळे नसतात, खुंट्या काढल्या की घर सुटे होते आणि दुसरीकडे नेऊन उभे करता येते. मुलगा खांद्यावरच्या कावडीत दोन टोपल्या नेतो, मुलगी पाठीवर एकच गाठोडे नेते, म्हणून मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, अशी एक रीत होती. सर्वांना सारखे, अशीही रीत होती. खरी कोणती, असे मी विचारल्यावर सुतिनाबाई म्हणाल्या, "ज्या घरात जी पटेल ती. पण आईबापाजवळ जो राहतो, घर त्याचं."

एके दिवशी तुगिमान ट्रक घेऊन आला. शहरातल्या एका हॉटेलवाल्याला जुने सागवान हवे होते. घरात आपलाही वाटा आहे, असे त्याचे म्हणणे. वार्नी रडू लागली. सुतिनाबाई घराकडे पाहत म्हणाल्या, "पुढचा भाग ने. मागचा वार्नीचा."

पुढचा भाग म्हणजे पाहुण्यांची, पुरुषांची बसायची ओसरी. मागे चूल आणि भाताच्या देवीची अंधारी खोली. त्या देवीचे नाव श्री. ते ऐकून मी थक्क झाले होते. शेजारी आले, कौले उतरली, खुंट्या ठोकून काढल्या, खांब ट्रकवर चढले. मी भराभर टिपणे घेत होते. सुतिनाबाईंनी माझ्या हातात चहाचे ताट दिले. "लिहायचं नंतर. आधी त्यांना चहा दे."

त्यांनी सर्वांना जेवू घातले, तुगिमानलाही. ट्रक गेल्यावर मी विचारले, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. म्हणूनच त्याला जेवून जायला सांगितलं. उपाशी गेला असता तर परत आला नसता."

पुढच्या आठवड्यात त्यांनी ओसरीच्या मोकळ्या जागेत कसावा लावला. तुगिमान त्यानंतर दर सणाला येत राहिला.

कलम २. गुंगालिन येथील माझे राहते घर मी माझी मुलगी मयूरा हीस देत आहे. माझे पती विश्राम गेल्यापासून ती माझ्यासोबत राहते. ट्रॅमने ऑफिसला जाते आणि संध्याकाळी माझ्याशी भांडायला वेळेवर घरी येते. मुलगा नचिकेत याचे स्कोफिल्ड्सला स्वतःचे घर आहे. त्याला हे मी समोर बसवून सांगितले, कारण माझ्या मागे त्याला हे वकिलाकडून कळू नये, अशी माझी इच्छा होती. तो म्हणाला, "फेअर इनफ, आई. पण मला वाटलं होतं तू विचारशील."

"मग आता विचारते. तुला या घरातलं काय हवंय?"

तो उठून मागच्या अंगणात गेला आणि त्याच्या बाबांनी लावलेल्या लिंबापाशी उभा राहिला. म्हणून, जमीन मयूराची राहील, परंतु लिंबाचे झाड नचिकेतचे. ते तोडायचे झाल्यास त्याची परवानगी लागेल आणि लिंबे तो हवी तेव्हा नेईल. वकीलबाई म्हणतात की ऑस्ट्रेलियात असे झाड वेगळे देता येत नाही. मयूरा म्हणाली, "नो वरीज, आम्ही पाळू." मला तेवढे पुरते.

कलम ३. बँकेतील शिल्लक दोघांना सारखी. यात सांगण्यासारखे काही नाही.

कलम ४. भोरजवळची भातशेती. ही माझ्या वडिलांनी स्वतः घेतलेली. जावाहून परतताना मी पुण्याला थांबले होते. वडील नुकतेच वारले होते. धाकटा भाऊ कुमार याने जेवणानंतर हक्कसोडपत्र माझ्यासमोर ठेवले.

"ताई, फक्त सही. सगळ्याच बहिणी करतात."

"मी नाही करणार."

"तू काय कॅनबेराहून येऊन भात लावणार आहेस?"

"नाही. पण बाबांची मीही आहे, हे त्या सातबाऱ्यावर दिसू दे."

त्याने पेन खिशात ठेवले आणि पुढे कित्येक वर्षे माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या मुलांच्या मुंजीला, लग्नाला नव्हते. मला बोलावणेच नव्हते. हे मला लागले, ते इथे नमूद करते. शेत तोच कसत राहिला, मी हिशेब मागितला नाही.

मागच्या दिवाळीत त्याची मुलगी स्पृहा हिचा फोन आला. "आत्या, बाबांनी माझ्यापुढे तसाच कागद ठेवलाय. दादाच्या नावावर सगळं करायचं, पुढे वाद नको म्हणून माझी सही हवी म्हणतात. तू तेव्हा सही का केली नव्हतीस?"

मी तिला ट्रकवरच्या ओसरीची गोष्ट सांगितली.

"मग मी काय करू?"

"ते मी नाही सांगणार. आधी शेत बघून ये. एकटी जा."

ती गेली. बांधावरूनच तिने फोन केला. "आत्या, मला हे हवंय. का हवंय ते अजून नीट कळत नाही."

मला हे उत्तर फार आवडले. माझी सर्व चांगली संशोधने अशीच सुरू झाली. म्हणून भोरच्या शेतीतील माझा संपूर्ण हिस्सा मी स्पृहा हीस देत आहे.

तिने सही केली नाही, तेव्हा कुमारचा फोन आला. इतक्या वर्षांनी.

"तू माझ्या मुलीला बिघडवलंस."

"ती तुझ्यावर गेलीय. हट्टी आहे."

मग तो म्हणाला, "यंदा आंबेमोहर चांगला आलाय. पाठवू? कस्टमवाले सोडतील का?"

"नाही सोडणार."

"मग तूच ये जेवायला."

मी जाऊन जेवून आले. शेतीचा विषय आम्ही काढला नाही. कुमार यास मी काही देत नाही. त्याला ते माहीत आहे.

कलम ५. तळहातात मावणारी कापणीची जावानी सुरीही स्पृहाला. त्या सुरीने एकेक लोंबी कापतात. पाते मुठीत लपते, नाहीतर भाताची देवी घाबरते, असे तिथल्या बायका सांगत. पुस्तके विद्यापीठाला, त्यांनी नाकारली तर ज्याला हवी त्याला.

कलम ६. सुंबरलारसमध्ये मला जमीन घेता येत नव्हती, परदेशी माणसाला तो हक्क नाही. निघताना मी एक कालवड मात्र विकत घेतली आणि वार्नीकडे सांभाळायला ठेवली. तिथली रीत अशी की पहिले वासरू सांभाळणाऱ्याचे, दुसरे मालकाचे. त्या कालवडीच्या वंशातली एक गाय आजही वार्नीच्या गोठ्यात आहे. सुतिनाबाई नाहीत. वार्नीचे केस पिकले आहेत. या कलमात काय लिहावे हे मला सुचेना, म्हणून मी तिला व्हिडिओ कॉल केला.

"वार्नी, मी गेल्यावर ही गाय कोणाची?"

तिने कॅमेरा गोठ्याकडे वळवला. गाय गाभण होती.

"या वेळचं वासरू तुझं आहे," ती म्हणाली. "तू आलीस की बसून ठरवू. असं फोनवर ठरवतात का?"

मी मयूराला सांगितले. ती म्हणाली, "आई, तुझा गुडघा?" आणि मग स्वतःच तिकिटे शोधू लागली. नचिकेतही येतो म्हणतो. तेव्हा गायीचा निर्णय या मृत्युपत्रात होत नाही. जुलैत मी तिथून परतल्यावर तो पुरवणी लिहून जोडेन.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मयूराने करावी. वर लिहिलेले मी पुन्हा वाचले, ते माझ्या मनासारखे आहे, म्हणून खालील दोघांसमक्ष सही करते. दोघेही माझे शेजारी असून त्यांना यातून काही मिळत नाही.

सही: नीरजा विश्राम टिळेकर

साक्षीदार:
१. चंद्रहास पेडणेकर, गुंगालिन
२. दीप्ती चंद्रहास पेडणेकर, गुंगालिन

ठिकाण: गुंगालिन, कॅनबेरा
दिनांक: १४ मार्च २०२५