कावळा येईपर्यंत फुकट

सरावली, बोईसर
मे महिना, उकाडा

तीर्थस्वरूप मनीषदादास,

धाकट्या विश्रामचा वाकून नमस्कार. (कंबर धरलेली असल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला पोचला असं समज.) तुझी तब्येत बरी असेल, वहिनींचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि वापीला नळाला पाणी येत असेल, अशी आशा आहे. नुसती आशाच आहे, कारण विचारायची दुसरी सोय तू ठेवलेली नाहीस. फोन केला तर वाजून वाजून दमतो. मेसेज केला तर त्याच्याखाली निळ्या खुणा उमटतात आणि तू पुन्हा गडप. म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथल्या बाईंनी तर कोर्टात पाठवायचं आहे का, असंच विचारलं. घरी पाठवायचं आहे म्हटल्यावर त्यांना माझी दया आली.

आमच्याकडे सगळं ठीक नाही. काकी गेली, हे तुला कळलं आहे. (निळ्या खुणा.) तू आला नाहीस, हेही इथेच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मध्येमध्ये टोमणे मारायची गरज पडणार नाही. तुझ्या वर्कशॉपसाठी अर्धी चिकूची वाडी विकायला काकी नाही म्हणाली, तेव्हा तू ओट्यावर उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला होतास, की तुझ्या दहाव्यालाही येणार नाही. आपल्या घराण्यात दिलेला शब्द पाळणारा तू पहिलाच निघालास. पाळायला दुसरा एखादा शब्द सापडला असता तर बरं झालं असतं. पण ते असो. मुलाच्या जागी, म्हणजे तुझ्या जागी, मी बसलो. मी काही परका नाही, माझी आई गेल्यापासून तिच्याच हातचं जेवून वाढलो. डोकंही भादरून घेतलं. माझ्या डोक्याला मागच्या बाजूने खड्डा आहे, हे मला या वयात समजलं. लोकांना आधीच माहीत असावं, कारण कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

आता जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण तुझ्या कानावर दमयंतीआत्याकडून भलतंच आलं असेल. आत्या नाशिकला बसून मला 'मेलेल्या वहिनीवर तिकीट लावणारा' म्हणते. यात थोडं तथ्य आहे.

तुला माझा स्टेशनजवळचा फोटो स्टुडिओ आठवत असेल. एके काळी वाणगावपासून पालघरपर्यंत लग्नं मी काढली. नवरीच्या वडिलांना रडवायला कुठल्या क्षणी 'इकडे बघा' म्हणायचं, हे मला बरोबर समजायचं. आता प्रत्येक पाहुण्याच्या हातात कॅमेरा आहे आणि नवरीचा भाऊ वर ड्रोन उडवतो. माझ्या वाट्याला उरले पासपोर्टचे फोटो. एमआयडीसीत नव्याने लागलेली पोरं गेटपाससाठी येतात, बसतात, 'थोडा गोरा कर देना' म्हणतात आणि जातात. मी दिवसभर माणसं गोरी करतो. तर या हलाखीत मी एक ॲप घेतलं. आपण लग्न थेट दाखवायचं, पहिली काही मिनिटं फुकट, मग चित्र धूसर होतं आणि बघणाऱ्याने छोटी रक्कम भरली की पुन्हा स्पष्ट. कल्पना चांगली होती. फक्त पैसे भरून दुसऱ्याचं लग्न बघणारा माणूस या तालुक्यात जन्मला नव्हता. बोईसरच्या एका लग्नात दोघांनी पैसे भरले. एक नवरदेवाचा वरिष्ठ होता, त्याचा हात चुकून लागला. दुसरा मी, चालतंय का बघायला.

मग काकी गेली आणि कुवेतहून आत्याच्या धीरजचा फोन आला, की मामीचा दहावा थेट दाखव, आम्हाला येता येत नाही. नाशिकहून आत्याचाही आला, तिला ऊन सोसत नाही. दादा, मला तेव्हा खरोखर रडू येत होतं, आणि रडता रडताच डोक्यात आलं, की लग्नाला जमत नाही म्हणून कुणी हळहळत नाही, पण मयताला जमत नाही ही बोच प्रत्येकाला असते. बोच घालवायला माणूस पैसे भरतो. जागृतीला हे सांगितलं. ती म्हणाली, घरच्यांकडून घेऊ नका, फार वाईट दिसेल. मी म्हटलं, फुकट दिलं तर भाजी निवडत बघतील, पैसे भरले तर हात जोडून बघतील. ती काही बोलली नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या न बोलण्याचा अर्थ मला नेहमी दुसऱ्या दिवशी समजतो.

रक्कम एकवीस रुपये ठेवली. इथेच पहिली माती खाल्ली. हात लग्नाच्या पाकिटांना सरावलेला, वरचा रुपया आपोआप पडला. मयताच्या कामात वरचा रुपया कुणी घेतं का? आत्याने आदल्या दिवशीच पैसे भरले आणि लगेच जागृतीला फोन करून विचारलं, की आमच्या घरात पुन्हा असंच व्हावं असा विश्रामचा शुभसंकल्प आहे का. मी घाईघाईने वीस केले. तर आधी भरलेले सगळे रुपया परत मागायला लागले. रुपयासाठी नाही, अपशकुनासाठी. बरं, ॲप मुळात लग्नाचं. पैसे भरले की सनई वाजायची, गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या आणि खाली यायचं, 'आपल्या शुभाशीर्वादाबद्दल आभार, पुन्हा अवश्य या.' हे बदलायचं असतं हे मला माहीत नव्हतं. धीरज सांगत होता, कुवेतमध्ये त्याच्या खोलीतले सगळे हात जोडून उभे होते आणि एकदम सनई लागली. एक केरळचा मुलगा म्हणे नाचायच्या तयारीत होता.

दहावा चिंचणीला खाडीकाठी केला. तिपाईवर फोन लावला, तोंड पिंडांकडे, आणि मी विधीला बसलो. जागृती घरी बसून पैशांचं आणि तक्रारींचं बघत होती. गुरुजी नवे आहेत, चांगले आहेत, फक्त त्यांना पुढे वाणगावला दुसरं काम होतं, त्यामुळे त्यांचे मंत्र शेवटची गाडी पकडायला निघाल्यासारखे चालले होते. पान मात्र छान वाढलं होतं. वालाचं बिरडं, भात, आणि काकीला चहात बुडवून खारी आवडायची म्हणून चहा-खारी. सगळं मांडून आम्ही मागे झालो. सुरूच्या झाडावर कावळा बसलेला होता. आणि बरोबर तेव्हा, दादा, फुकटची मिनिटं संपली.

मी हे मुद्दाम केलेलं नाही. लग्नात अंतरपाट दूर होण्याच्या जरा आधी चित्र धूसर व्हावं असं त्या ॲपमध्ये बसवलेलं होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. पण लोकांना वाटलं, मी कावळ्यावर दर लावला. रक्कम बदलल्यामुळे आगाऊ भरलेलंही ॲपने धरलं नाही, सगळ्या नातेवाइकांना फोनवर धुकं दिसत होतं आणि धुक्यावर लिहून आलं होतं, 'पुढचा मंगल क्षण पाहण्यासाठी वीस रुपये भरा.' माझा फोन तिपाईवर अडकलेला, त्यामुळे जागृतीने गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी मंत्र थांबवून तो घेतला आणि मला निरोप दिला, की घरून वहिनी म्हणतात, तुम्ही घरी येऊ नका.

पैसे मात्र बहुतेकांनी भरले. माणूस लग्न सोडून उठेल, कावळा शिवला की नाही हे बघितल्याशिवाय उठत नाही. कावळा काही खाली येईना. मग नेहमीचं सुरू झालं, गेलेल्या माणसाला काय हवं होतं ते आठवायचं आणि शब्द द्यायचा. मी म्हटलं, काकी, चिकूच्या कलमांना मी पाणी घालीन. कावळा मान वळवून दुसरीकडे बघायला लागला. (माझ्या शब्दाची किंमत पक्ष्यांनाही माहीत आहे.) तेवढ्यात नाशिकहून जागृतीमार्फत गुरुजींच्या फोनवर निरोप आला, की दमयंतीआत्या तिच्याकडे राहिलेलं तांब्याचं घंगाळ परत पाठवते आहे. गुरुजींनी ते मोठ्याने कावळ्याला सांगितलं. काही नाही. मग कुवेतहून धीरज, ओट्याला लाद्या बसवून देतो म्हणाला. गुरुजींनी तेही सांगितलं, आणि लाद्या कुठल्या, असं आपलं आपणच विचारलं. दादा, मला हसू आलं आणि हसू आल्याबद्दल इतकं वाईट वाटलं, की मी डोळे मिटून बसलो. सगळे घंगाळ आणि लाद्यांबद्दल बोलत होते. काकीला काय हवं होतं ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि एकही जण ते नाव घेत नव्हता.

ते नवसीने घेतलं. नवसी तुला माहीतच आहे, वाडीत आपल्या लहानपणापासून कामाला आहे, काकीला शेवटी तिनेच उचललं-बसवलं. ती लांब उभी होती. तिथून पुढे आली, पिंडांसमोर उकिडवी बसली आणि घरात बोलावं तसं बोलली.

"काकी, मनीष येल. मी त्याला आनीन. तो कितीबी नाय बोलला तरी तो तुझाच हाय. तू जेव आता, चहा गार झाला."

गुरुजींनीसुद्धा घड्याळ बघायचं सोडलं. आणि याच क्षणी माझा फोन उन्हाने तापून बंद पडला. चित्र गेलं. वीस वीस रुपये भरलेल्या सगळ्या नातेवाइकांना बरोबर तेवढंच दिसलं नाही.

पुढे कावळा खाली आला, शिवला, आणि आम्ही घरी गेलो.

त्यानंतरची कथा फार नाही. जागृतीचा फोन संध्याकाळपर्यंत वाजत होता. शिवला का, कशाने शिवला, घंगाळाने की लाद्यांनी, आणि पैसे परत कधी. आत्या म्हणते घंगाळाने. धीरजने लाद्या रद्द केल्या. जागृती माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि काम फारसं नाही. एवढं होऊनही वाणगावचा एक गृहस्थ परवा स्टुडिओत चौकशीला आला, की आधीपासून नोंदवलं तर काही सूट मिळते का. वडिलांसाठी हवं होतं. वडील शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांचं म्हणणं पडलं, की वीस जास्त आहेत, दहाने करा. मी त्यांना पाणी दिलं आणि हा धंदा बंद केला आहे असं सांगितलं. ते जरा हिरमुसले.

तर असं आहे. मी कुणाला तोंड दाखवत नाही, डोक्यावर खुंट आले आहेत, ते उशीला टोचतात. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तिळाचं तेल चोळत जा म्हणावं.

आपला, कमी डोक्याचा आणि सध्या कमी केसांचा,
विश्राम

ता. क. – वाडीतला पंप बिघडला आहे. तू यंत्रातला माणूस, म्हणून कळवलं. दुसरा काही हेतू नाही.

आणखी एक – वरचं वाक्य खोटं आहे. पंप चांगला चालतो.

आणखी एक, शेवटचं – हे लिहायचं नाही असं ठरवून पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो. त्या दिवशी तक्रारीचे जे फोन आले त्यांत कुणाला काकीचं पान दिसत नव्हतं, कुणाला मामीचं, कुणाला वहिनीचं. एका माणसाचा फोन तीनदा आला. जागृतीने आवाज ओळखला नाही, ती लग्न होऊन आली तेव्हा तू गेलेला होतास. पहिल्या दोन्ही वेळा ती त्याला म्हणाली, पुन्हा पैसे भरून बघा. त्याने दोन्ही वेळा पुन्हा भरले. तो म्हणत होता, "आयचं पान दिसत नाय." हे तिने मला नंतर सांगितलं, आणि काकीला आय म्हणणारा जगात एकच माणूस आहे. शेवटी त्याने विचारलं, शिवला का? जागृतीने सांगितलं, शिवला, आणि त्याने फोन ठेवला.

तसं सांगायला तिला मीच सांगितलं होतं. लोकांचे फोन थांबावेत म्हणून. बाकीच्यांना ते पुरेल. पण दादा, तू वापीत एकटा बसून तीनदा पैसे भरलेस, तुला खोटं सांगून मला झोप येत नाही. कावळा नाही शिवला. नवसी बोलल्यावर तो खालच्या फांदीवर आला, पानाकडे पाहिलं आणि तिथेच बसून राहिला. ऊन चढलं, गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला आणि आम्ही उठलो. नवसी उठली नाही. ती म्हणाली, त्याचं बरोबर हाय, मी आनीन बोलले, आनला कुठे. आता ती रोज मला विचारते, पत्र टाकलंस का.

आज टाकतो आहे.