मावशीची तपासणी

आमच्या डॉक्टरीणबाईंना,

हे पत्र मी पाठवणार नाही. आधीच तू हवेत असतेस.

नऊ वर्षांच्या लेकीच्या छातीत एका बाजूला दुखरी गाठ हाताला लागली, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. इथले सर्जन म्हणाले, काढून टाकू, आणि ह्यांनी तारीखही घेतली. तू मात्र फोनवर खेकसलीस, "मी येईपर्यंत कोणी सुरी लावायची नाही," आणि मिळेल ती गाडी पकडून आलीस.

आल्यावर हात चोळून गरम केलेस आणि मला नाही, तिलाच विचारलंस, "बघू का गं? नको म्हणालीस तर थांबेन." तिने मान हलवेपर्यंत खरंच थांबलीस. मग दोन्ही बाजू तपासून म्हणालीस, "ही गाठ नाही, ती वयात येतेय. एक बाजू आधी सुरू होते, दुसरी मागून येते. हे कापलं असतं तर ती बाजू कधी वाढलीच नसती." ह्यांनी लगेच तारीख रद्द केली.

काल खोकल्यासाठी तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप पुढे केला तशी ती मागे सरकली.

"आधी विचारायचं असतं," ती म्हणाली. "माझी मावशी विचारते."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघताय? तिला विचारा."

तुझ्या नावाने गावभर मिरवणारी,
ताई