दहा वर्षांची हमी

रविवार, ११ जानेवारी २०२६

भेग आहे. मागच्या खोलीत, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरकी फरशीपर्यंत गेलेली. वरून नवा रंग दिला आहे, तरी दिसते. बाबांनी नख घातले. नख आत गेले.

घर क्रमांक सात. झाशीहून चिरगावच्या बस जातात त्या रस्त्यावरची नवी वसाहत. या महिनाअखेरीस बाबा निवृत्त होतील आणि रेल्वेचे क्वार्टर मे महिन्यापर्यंतच आमचे राहील, म्हणून ही शोधाशोध. आईने स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवला, तेव्हाच मला कळले – हेच घर ठरणार.

बांधकाम कंपनीचे जयदीप भैया सोबत होते. बाबांनी भेग दाखवली, तर ते जराही गडबडले नाहीत. "अंकल, बाकी घरों को पाँच साल की गारंटी है. आपको दस की लिखके दूँगा."

बाबांचा चेहरा लगेच सैलावला. भेग पाहिल्यावर मुदत दुप्पट का व्हावी, हे विचारावे असे वाटले. विचारले नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ तोंडात टाकत बाबा म्हणाले, "चला, दहा वर्षे काही बघायला नको."

"दहा वर्षांनी तुम्ही सत्तरीचे," आई म्हणाली. "तेव्हा कोण बघणार?"

"तेव्हा मनस्वी बघेल. एवढी शिकली आहे कशासाठी?"

दोघे हसले. हमीचा कागद अजून आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि या घरातली काळजी मात्र आजच निघून गेली आहे. ती बहुधा माझ्याकडे आली असावी.

गुरुवार, २२ जानेवारी

कंपनीच्या कार्यालयात गेलो. जयदीप भैयांनी हमीपत्र पुढे ठेवले. बाबांनी ते न पाहता माझ्याकडे सरकवले – भुसावळला मराठी शाळेत मी जिल्ह्यात पहिली आले, तेव्हापासून आमच्याकडे विजेच्या बिलापासून सगळे कागद मीच वाचते. "वाच मोठ्याने. तू वाचलेस की माझे समाधान होते."

हिंदी मला उत्तम वाचता येते. बोलायची वेळ आली, की प्रत्येक वाक्य आधी मनात मराठीत जुळवावे लागते, आणि तोवर विषय बदललेला असतो. तीन वर्षे झाली झाशीत येऊन, तरी हेच.

सहा कलमे नीट वाचली. सातवे सुरू केले आणि चहा आला. "भूमि के धँसने अथवा बैठने से उत्पन्न कोई भी दोष इस गारंटी में मान्य नहीं होगा." म्हणजे जमीन खचून काही झाले, तर हमी लागू नाही. बाबा कपात साखर ढवळत होते. जयदीप भैया माझ्याकडे पाहात होते. माझा आवाज आपोआप खाली गेला.

"झाले?" बाबांनी विचारले.

"झाले," मी म्हटले.

मंगळवार, २७ जानेवारी

आईबरोबर पडद्यांची मापे घ्यायला गेले. शेजारच्या आठ नंबरमधल्या शशिकलाजी कुंपणाशी आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. आई आत असताना मी सारे धैर्य गोळा करून विचारले, घर कसे आहे?

त्यांनी आधी आमच्या दाराकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बिन्नू," – इकडे मुलीला लाडाने असे म्हणतात – "यहाँ पहले गिट्टी की खदान थी. मलबा डालके भर दी. मेरी रसोई का फर्श चार अंगुल बैठ गया है." म्हणजे ही घरे राडारोड्याने बुजवलेल्या खडीच्या खाणीवर उभी आहेत.

आणि हमी?

"है न. पाँच साल की. वे आए, फर्श देखा, सातवीं शर्त पर उँगली रखी, चाय पी, चले गए."

मी विचारले, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी का सांगितले नाही. त्यांनी नजर चुकवली नाही, हे मला जास्त लागले. "सात नंबर खाली पड़ा रहेगा तो मेरा घर कौन लेगा? मुझे भी तो निकलना है यहाँ से."

आईने आतून हाक मारली. शशिकलाजी हसून तिला म्हणाल्या, "बहुत हवादार घर है, बहनजी."

रविवार, १ फेब्रुवारी

काल बाबांची सेवा संपली. छत्तीस वर्षे गाड्या चालवल्या. हार अजून खुंटीला आहे.

दुपारी त्यांच्याजवळ बसले. खदानीचे सांगायचे ठरवूनच बसले होते. सुरुवात भलतीकडूनच झाली: "बाबा, कागदाने भेग थांबते का?"

त्यांना प्रश्न आवडला. ते समजावू लागले, की सिग्नल बिघडून लाल राहिला, तर गाडी तिथेच अडकत नाही. स्टेशन मास्तर लेखी परवानगी देतो. ती हातात आली, की लाल दिव्यावरूनही गाडी न्यायची. "कागद हातात आहे, मग घाबरायचे कशाला? जबाबदारी देणाऱ्याची."

"त्या कागदावर वेगही लिहिलेला असतो ना?"

"अर्थातच. हळू जायचे, आणि पुढे नजर ठेवायची." ते थांबले. क्षणभर वाटले, आता त्यांच्या लक्षात येईल. पण आईने जेवायला बोलावले, आणि ते उठले.

सोमवार, ९ फेब्रुवारी

घर माझ्या नावावर घेणार. स्त्रीच्या नावावर नोंदणी केली, तर मुद्रांकात सवलत मिळते, हे निमित्त. खरे कारण बाबांनी आईला सांगितले, ते मी ऐकले: "पोरीला एवढे तरी देऊन जाऊ."

आता सही माझी लागणार. आता "मला कुणी विचारलेच नाही" असे म्हणता येणार नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

पुन्हा सात नंबरला जाऊन आलो. भेगेत आज पेन्सिल गेली.

बुधवार, १८ फेब्रुवारी

निबंधक कार्यालय. गर्दी, पंख्याचा खडखडाट, अंगठ्याचे यंत्र. बाबांनी निवृत्तीच्या दिवशीचाच सदरा घातला होता. अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहिले. "बिटिया, कागज़ पढ़ लिए?"

"पढ़ लिए."

"अपनी मर्ज़ी से ले रही हो?"

"नहीं."

मला वाटले, मी मनात म्हटले. पण आईने माझा दंड धरला, जयदीप भैया मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागले, आणि अधिकारी म्हणाला, "तो फिर हटिए, अगला."

का नाही, ते मला त्या खोलीत सांगता आले नाही. कुणी विचारलेही, दोनदा.

रिक्षात बाबा एवढेच बोलले: "घराची भीती वाटली, की माझी?"

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सकाळी हमीपत्राची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि सातव्या कलमावर बोट ठेवले. मग खदानीचे सांगितले, शशिकलाजींच्या फरशीचे, पेन्सिलीचेही. त्यांनी कलम तीनदा वाचले. चष्मा काढला.

"हे तू त्या दिवशी वाचले होतेस?"

"वाचले होते. हळू."

ते चष्मा पुसत राहिले. मला ओरडले असते, तर बरे झाले असते.

सोमवार, २३ फेब्रुवारी

घरासाठी आधी भरलेला बयाणा परत आणायला बाबांबरोबर गेले. जयदीप भैयांनी हुज्जत घातली नाही. हसतच म्हणाले, "ले जाइए अंकल, कोई बात नहीं." तेच मला विचित्र वाटले.

बाहेरच्या बाकावर घर पाहायला आलेली माणसे होती. सातवे कलम त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचे, असे मी ठरवून गेले होते. प्रत पिशवीत होती. मी पाणी प्यायले आणि बाहेर आले.

"आपण सुटलो ना, पुरे," बाबा म्हणाले.

मंगळवार, १० मार्च

शशिकलाजींचा फोन. आनंदात होत्या. सात नंबर विकले गेले – बबीन्याच्या लष्करी छावणीतला एक हवालदार, त्याची बायको, कडेवर मूल. बायकोने कागद वाचायला उघडला होता. जयदीप भैया म्हणाले, "भाभीजी, आपको तो पूरे पंद्रह साल की दे रहे हैं," आणि तिने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.