मोडक्या शिंगाची खूण

ती. आईस,

बंगळुरूहून गोरक्ष पाया पडतो. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

कुणीतरी माझा फोटो लावून माझ्या नावानं लोकांना मेसेज केले. म्हणून वहिनीकडून तुझ्या फोनात नवं ॲप टाकून घेतलं. त्यातलं बोलणं आपल्या दोघांशिवाय कुणाला वाचता येत नाही. त्यात एक लांबलचक आकडा दिसतो. तो दोघांच्या फोनात सारखाच असला, की समोर मीच आहे हे कळतं. माझ्याकडचा आकडा या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलाय, वहिनीकडून जुळवून घे.

आबा अकोल्यातून जीपवाल्याकडे तांदूळ पाठवायचा निरोप द्यायचे, आठवतं? आपल्या तांबड्या गाईचं कोणतं शिंग मोडलंय, ही खूण त्यानं सांगितल्याशिवाय तू तांदळाचं पोतं हलू द्यायची नाहीस.

आकडा जुळला तरी मला तसंच काहीतरी विचार. आबा गेल्यापासून आपल्यात कुणी कुणाला खूण विचारलेली नाही.

तुझाच,
गोरक्ष